घोडनवरी

माझ्या नणंदेला मी वन्सं म्हणते. ही हाक आता कुणी मारत नाही हे मला ठाऊक आहे. ती ऐकली की तिच्या कपाळाला जी आठी पडते, तेवढ्यासाठी मी मारते. खरं तर वन्सं म्हटलं की अहो-जाहो करायला हवं, तेही मी करत नाही. ती मला वहिनी म्हणते आणि अगं-तुगं करते, फारच बिनसलं तर "अहो वहिनीसाहेब." माझ्या नवऱ्याची ती पाठची बहीण. लग्न केलं नाही, वेगळं घर केलं नाही, आणि माझ्याशी कधी फार गोडीगुलाबीनेही वागली नाही. तरी तिच्यावाचून माझं पान हलत नाही. हे एकदा सांगून टाकते, म्हणजे पुढे तिची थट्टा करायला मी मोकळी.

वन्सं कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर माप पाठवतात, आणि त्या मापावरून मेणाच्या हिरड्या, त्यांत एकेक दात, मग साचा, मग घासणं, हे सगळं तिच्या हातून होतं. लॅब एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर, मागच्या बाजूला आहे. खिडकीशी तिचं टेबल, टेबलावर स्पिरिटचा दिवा, बारीक सुऱ्या, आणि कायम दोन-तीन जबडे आ वासून पडलेले. त्यांच्या शेजारीच ती डबा खाते. "हे चावत नाहीत," म्हणते. सगळीकडे प्लास्टरची पांढरी भुकटी. ती संध्याकाळी घरी येते तेव्हा तिच्या भुवया पांढऱ्या असतात आणि केसही. त्यातलं भुकटीचं किती आणि वयाचं किती हे आता मलाही सांगता येत नाही.

ती उंच आहे, हाडापेराने मोठी आहे, आणि लहानपणापासून तशीच आहे. मी या घरात नवी होते तेव्हाची गोष्ट. तिच्या एका धाकट्या चुलतबहिणीचं लग्न होतं. आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण, तिच्या जिभेला हाड नव्हतं. भरल्या हॉलमध्ये ती म्हणाली, "धाकट्या उजवल्या आणि ही घोडनवरी खुर्च्या मांडतेय." लोक हसले. वन्संने हातातली खुर्ची मांडली, पुढची उचलली, तीही मांडली, सगळ्या रांगा पुऱ्या केल्या आणि मग घरी निघून गेली. ती गेली, पण तो शब्द आमच्या नातेवाइकांत राहिला. तिच्या पाठीमागे सर्रास वापरायचे, आणि ती पाठ इतकी रुंद की सगळं तिच्या कानावर जायचंच.

सासूबाईंनी तो शब्द कधी तोंडातून काढला नाही. त्यांचं दुखणं वेगळं होतं. कुठलाही विषय काढा, त्या फिरून जावयावर येत. नळ गळतोय म्हटलं की, "जावई असता तर बघितला असता." माझा नवरा तिथेच पेपर वाचत बसलेला असे. "मग मी काय मेलोय का?" तो विचारी. "तू कुठे नळ बघतोस," त्या म्हणत, आणि ते खरंच होतं. मग उसासा यायचा. "हिच्यासाठी थांबलो, थांबलो, आणि थांबूनच राहिलो." वन्सं उठून आत जाई आणि दार लावून घेई. त्यामुळे सासूबाईंसमोर जावई हा शब्द काढायचा नाही, असं आम्हा तिघांत न ठरवताच ठरून गेलं होतं.

अशा या बाईच्या आयुष्यात घोडा आला तो फुटक्या कवळीमुळे.

गावाबाहेर एक तबेला आहे, तिथे घोडेस्वारी शिकवतात. त्याचे मालक एक दिवस रुमालात काही तुकडे बांधून लॅबमध्ये आले. ते शिकवताना फार ओरडतात. ओरडता ओरडता वरची कवळी निसटून वाळूत पडली आणि एका घोड्याने तिच्यावर पाय दिला. वन्संने तुकडे टेबलावर मांडले, आणि तिला हसू आवरेना. "इतकी सरळ फूट मी आजवर पाहिली नाही," ती म्हणाली. "कोण आहे हा?" मालक बोळक्या तोंडाने म्हणाले, "येऊन बघा." ही बाई लॅब आणि घर सोडून कुठेही जात नसे. नवी कवळी द्यायच्या निमित्ताने ती गेली.

त्या घोड्याला सगळे साहेब म्हणत, कारण कुणी हाक मारली की तो आधी मान वळवून माणूस कोण आहे ते बघे आणि मग ओळख द्यायची की नाही ते ठरवी. वॉर्मब्लड जातीचा. मला वाटलं, गरम रक्ताचा म्हणजे तापट असणार. मालकांनी समजावलं, शर्यतीचे घोडे तापट, ओझ्याचे थंड, आणि हे त्या दोघांच्या मधले. मोठ्या हाडाचे पण डोक्याने शांत. "म्हणजे आमच्या वन्सं," मी म्हटलं. तिने लक्ष दिलं नाही. तिने आधी साहेबाचे दात बघितले, मग हिरड्या, मग डोळे, आणि मालकांना म्हणाली, "मला ह्याच्यावर बसायचंय." पन्नाशी उलटली होती तिची.

घरात जे व्हायचं ते झालं. सासूबाई म्हणाल्या, या वयात हाडं मोडून घेशील. नवरा म्हणाला, "तू बसलीस तर खाली घोडा आहे हे कुणाला दिसणार?" ती सगळ्यांचं ऐकून घेऊन रविवारी सकाळी निघून गेली. पहिल्या वर्षी इतक्या वेळा पडली की विचारू नका. लंगडत यायची, सासूबाई गरम पाण्याची पिशवी पुढे करायच्या, तोंडाचा पट्टा चालूच. "पडले, मोडले नाही," एवढंच ती म्हणे, आणि पुढच्या रविवारी पुन्हा जाई. त्या "मोडले नाही" मध्ये इतका हट्ट असायचा की पुढे पुढे सासूबाईंनी नुसती पिशवी द्यायला सुरुवात केली.

ती जे शिकत होती त्याला ड्रेसाज म्हणतात. त्यात शर्यत नाही, उड्या नाहीत. वाळूचं लांबट रिंगण, भोवती गुडघ्याएवढ्या पांढऱ्या फळ्या, आणि ठरवून दिलेल्या वाटांनी घोड्याला न्यायचं: इथे साधी चाल, तिथे दुडकी, इथे गोल, तिथून तिरकं. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की स्वार नुसता बसलाय आणि घोडा आपल्या मनाने सगळं करतोय. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तसंच वाटलं, आणि मी म्हटलं, "मग यात तू काय करतेस?" आठवडाभर ती माझ्याशी धड बोलली नाही.

हात तिचे हलके होते. लगामाचं एक टोक आपल्या बोटांत आणि दुसरं त्याच्या तोंडात. तोंडात टोचलं की कुणी कसं वागतं हे तिला वेगळं शिकवायला लागलं नाही. पण घोडं अडलं ते अक्षरांवर. रिंगणाच्या कडेने इंग्रजी अक्षरांच्या पाट्या असतात, आणि त्यांत ए नंतर बी येत नाही. ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ, असा सगळा सावळा गोंधळ. हे कुणी ठरवलं, मालकांनाही माहीत नाही. अमक्या अक्षरापासून तमक्यापर्यंत, हे वाटांचं वर्णन तिच्या डोक्यात बसेना. एका हिरडीची ठेवण वर्षानुवर्षं लक्षात ठेवणारी बाई, पण एम की एफ म्हटलं की गडबडायची.

छोट्या स्पर्धांत एक सोय असते. स्वाराला वाटा पाठ नसतील तर रिंगणाबाहेर उभं राहून कुणी मोठ्याने वाचून दाखवलं तरी चालतं. ते काम माझ्याकडे आलं, कारण माझा आवाज घरात आधीच प्रसिद्ध होता. पण आपल्या तोंडात ए, एच, एम, एफ या सगळ्यांची सुरुवात एकच, आणि शेपूट वारा खाऊन टाकतो. मी "एफ" ओरडायची, तिला "एच" ऐकू जायचं, आणि ती साहेबासकट भलत्याच कोपऱ्यात. बी, सी, ई यांचं शेपूट एकच. एकदा आम्ही रिंगणाच्या दोन टोकांवरून अशा भांडलो की कडेच्या घोड्यांनी गवत खायचं थांबवलं.

तोडगा तिनेच काढला. "वहिनी, अक्षरं सोड. माणसं घे."

ए म्हणजे आत्या. रिंगणात शिरायचं ते ए पासून. "तिच्याच दारातून आत जाते," वन्सं म्हणाली. के म्हणजे काका. ई चं आमच्याकडे कुणी निघेना, म्हणून कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला. एच म्हणजे वरच्या मजल्यावरचे हेडमास्तर. सी म्हणजे सासूबाई. परीक्षक नेमका तिथेच बसतो, त्यात आमचा काही हात नाही. एम मावशी. बी म्हणजे भाऊ, माझा नवरा. आणि एफ म्हणजे फौजदार. खालच्या मजल्यावरच्या बाईंना आम्ही ठेवलेलं नाव.

मग काय विचारता. मावशीचं कुणाला फौजदार ऐकू जात नाही. "आत्याकडून आत ये. इस्त्रीवाल्यापाशी गोल. मावशीकडून काकांकडे तिरकी, लगाम सैल." बाकीचे शिकणारे आमच्याकडे बघत राहायचे. वन्सं एकदाही चुकली नाही.

राहिलं एक. रिंगणाच्या बरोबर मध्ये एक जागा असते, एक्स. सुरुवातीला आणि शेवटी तिथे येऊन थांबायचं आणि परीक्षकाला मान लववून नमस्कार करायचा. त्या जागेला पाटी नसते. कसलीच खूण नसते, नुसती वाळू. आपली आपल्याला कळली पाहिजे.

"इथे कोण?" मी विचारलं.

वन्सं घोड्यावरून खाली वाळूकडे बघत होती. "जो आला नाही तो," ती म्हणाली. "जावई."

मी हसू की नको अशी उभी राहिले. मग तीच हसली, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारी उभ्या मालकांनी हसताना नवी कवळी हाताने धरून ठेवली.

यातूनच ती भानगड झाली. "जावयापाशी थांब," मी म्हणायची, आणि साहेब थांबायचा. चारही पाय चौकोनात, कान पुढे, हलायचं नाव नाही. आम्ही खूश. एक दिवस मालकांनी मला गप्प राहायची खूण केली. वन्सं मधल्या रेषेवरून दुडकीत आली, आणि साहेब जावयाला ओलांडून थेट सासूबाईंपर्यंत गेला. पुन्हा आली, पुन्हा तेच. मग मालकांनी मला, रिंगणाकडे पाठ करून, नुसतं "जावई" म्हणायला लावलं. साहेब होता तिथे खिळला आणि वन्सं त्याच्या मानेवर आली.

"तुमच्या नणंदेच्या घोड्याचे ब्रेक तुमच्या घशात आहेत," मालक मला म्हणाले.

मला ती गंमत वाटली. वन्संला वाटली नाही. ती खाली उतरली आणि लगाम हातात धरून तशीच उभी राहिली. "म्हणजे इतके दिवस मी नुसती बसले होते," ती म्हणाली. तिचा चेहरा असा पडलेला मी फारसा पाहिला नव्हता. खुर्च्या मांडल्या त्या दिवशीही नाही.

त्याच सुमारास जनावरांचे डॉक्टर येऊन साहेबाचे मागचे सांधे बघून गेले. वय झालं होतं. हा हंगाम चालेल, मग त्याने गवतावर फिरायचं आणि आराम करायचा, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे हौशी स्वारांची वार्षिक स्पर्धा ही त्याची शेवटची, आणि त्याच्यासोबत तिची पहिली. घरी जाताना ती मला म्हणाली, "मला नंबर नकोय. सगळ्या वाटा पुऱ्या करून शेवटच्या नमस्काराला तो माझ्या सांगण्यावरून थांबला पाहिजे. तुझ्या नाही, वहिनी. माझ्या."

त्या दिवसापासून तो शब्द मी रिंगणाजवळ गिळला. ती लॅबच्या आधी सकाळी तबेल्यात जायला लागली. बैठक जड करायची, पाय त्याच्या पोटाशी मिटायचे, श्वास सोडायचा आणि शेवटी बोटं मिटायची, मऊ मेण दाबताना मिटतात तेवढीच. साहेब पुढे निघून जाई. ती वळवून पुन्हा आणी. मालक म्हणाले, थोडा लगाम ओढा, थांबेल. "तोंड ओढून नाही," ती म्हणाली, आणि पुन्हा वळली. कधी तो उशिरा थांबे, कधी वाकडा, कधी मुळीच नाही. मला बघवत नसे. तिच्या जागी मी असते तर एव्हाना घोडा आणि मालक दोघांनाही चार शब्द सुनावून घरी आले असते.

घरी पुढच्या खोलीत तालीम चाले. सोफा भिंतीला लावायचा, नवरा त्यावर भाऊ म्हणून बसलेला, पाय वर घेऊन. खिडकीखाली सासूबाईंची खुर्ची, ती त्यांच्याच जागी. वन्सं हातात टॉवेलचा लगाम धरून खोलीभर फिरे आणि शेवटी मध्ये उभी राहून सासूबाईंसमोर मान लववी. "सारखी माझ्यासमोर काय वाकतेस," त्या कुरकुरत. मधल्या जागेला आम्ही तेव्हा नुसतं "मध्ये" म्हणत असू. जावयाचं जे काय असेल ते स्वयंपाकघरात, दार लोटून.

स्पर्धेच्या दिवशी सासूबाई हट्टाने आल्या. घडीची खुर्ची, गुडघ्यांवर शाल. नवऱ्याने आदल्या दिवशी बुटांना पॉलिश करून दिलं होतं, न सांगता. वन्संने काळा कोट चढवला. कुणाचा तरी जुना, बाह्या तिला आखूड. पांढरे हातमोजे घातले, गाडीच्या काचेत स्वतःकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "बघ वहिनी. घोडनवरी." तो शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. मी तिची कॉलर उगाचच सरळ केली.

मग माशी शिंकली. मी कागद घेऊन कडेला उजळणी करत होते. "हेडमास्तरांकडून फौजदाराकडे, दुडकी." रिंगणाच्या दाराशी बिल्ला लावलेल्या एक बाई होत्या, त्यांनी कान टवकारले. हे छापील कागदावर कुठे आहे, त्यांनी विचारलं. मी समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "जे छापलंय तेच वाचायचं. बाकी सगळी बाहेरची मदत धरतात. एक शब्द वेगळा निघाला तर स्वार बाद." मी भांडले. मालकही भांडले, काका म्हणजे केच की, वगैरे. बाईंचं बरोबर होतं, आणि म्हणूनच मला त्यांचा जास्त राग आला.

वन्सं साहेबावर बसून गोल फिरवत होती. मी धावत गेले, झालं ते सांगितलं. "मी अक्षरं वाचते," म्हटलं, "सावकाश, तोंड मोठं उघडून."

"वारा बघ किती आहे."

"मग काय, नाव काढून घेऊ या?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी बोलल्याचा मलाच पश्चात्ताप झाला. "ह्याला पुढचं वर्ष नाही," ती म्हणाली. "आणि मला वाचून कशाला दाखवायला पाहिजे? सगळी घरचीच माणसं आहेत. कुणाकडून कुणाकडे जायचं ते मला कुणी सांगायला नको." साहेबाची मान थोपटली. "तू आईपाशी उभी राहा. आणि ओठ हलवू नकोस. मला लांबूनही दिसतात."

मी प्रेक्षकांच्या कठड्याशी, सासूबाईंच्या खुर्चीजवळ जाऊन उभी राहिले. पण माझ्या तोंडाचा मला भरवसा नव्हता. माझ्या मनात आलेलं माझ्या चेहऱ्यावर आधी दिसतं, आणि ती एकदा जरी माझ्याकडे बघून वळली तर मदत म्हणून पकडायचे. मी सरळ रिंगणाकडे पाठ केली.

"अगं, तोंड इकडे का?" सासूबाई म्हणाल्या.

"तुम्हीच बघा, आई. मला सांगा."

घंटा झाली. सासूबाईंनी शाल सारखी केली. "आली. आत्याकडून आली," त्या म्हणाल्या. मी चमकले. मग मला कळलं, इतके महिने ही बाई त्या खुर्चीत बसून सगळं पाठ करत होती.

"थांबली का?"

"थांबली, पण पुढे जाऊन. वाकडा उभा राहिला तो." "नमस्कार केला. निघाली. माझ्याकडे येतेय. वळली."

वाळूवर खुरांचा दबका आवाज माझ्या पाठीमागून लांब जात होता, जवळ येत होता. सासूबाईंचे डोळे तिच्याबरोबर फिरत होते आणि मी त्या डोळ्यांत बघत होते. अचानक त्या म्हणाल्या, "अगं बाई, इस्त्रीवाल्यापाशी गोल राहिला." आणि घंटा वाजली. परीक्षकाने चूक सांगितली असणार. थोड्या वेळाने खूर पुन्हा सुरू झाले. मालक शेजारी येऊन उभे होते. दोन चुका चालतात, ते मला म्हणाले, तिसरीला बाहेर काढतात.

"मावशीकडून काकांकडे निघाली," सासूबाई म्हणाल्या. "किती लांब मान केलीय त्याने. मजेत चाललाय." त्यांच्या आवाजात कौतुक होतं, घोड्याचं की लेकीचं ते कळेना. मग दौड. "फौजदारापाशी पळवायचं ना? हिने भाऊपाशीच पळवलं." पुन्हा घंटा.

"संपलं," मालक पुटपुटले. "आता एक चुकली की..."

"गप्प बसा हो," सासूबाई म्हणाल्या. "ती विचार करतेय."

मागे काहीच आवाज नव्हता. मी कठडा पाठीमागून दोन्ही हातांनी धरला होता. "काय करतेय ती?" मी विचारलं. "काही नाही. बसलीय. श्वास घेतला तिने. निघाली." आणि त्यानंतर सासूबाई एकेकाचं नाव घेत गेल्या, फौजदार, भाऊ, मावशी, हेडमास्तर, आणि एकाही नावानंतर घंटा झाली नाही.

"शेवटची वळली," त्या म्हणाल्या. "आत्याकडून मध्ये आली."

तो शब्द माझ्या जिभेच्या टोकावर होता. मी तो नुसता म्हटला असता तर साहेब पुतळ्यासारखा थांबला असता. ती बाद झाली असती, आणि तेही माझ्या थांबवण्याने. मी रुमाल तोंडात कोंबला. इतकी गप्प मी आयुष्यात कधी राहिले नव्हते. खुरांचा आवाज जवळ आला. मग मंद झाला. मग थांबला.

सासूबाई खुर्चीच्या हातांवर जोर देऊन अर्ध्या उठल्या होत्या.

"थांबली," त्या म्हणाल्या. "जावयापाशी."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"बरोबर जावयापाशी थांबली गं. हलत नाहीत दोघं." आणि लांब रिंगणात लेकीने परीक्षकासमोर मान लववली तेव्हा इकडे सासूबाईंनीही लववली, उत्तर द्यावं तशी.

मग मी वळून पाहिलं. एवढ्या मोठ्या वाळूच्या बरोबर मध्ये वन्सं, एका हातात लगाम, दुसरा हात खाली सोडलेला, आणि साहेब चारही पाय चौकोनात टेकवून उभा. तिने मान वर केली. मला रडू आलं, आणि रुमाल तोंडात असल्यामुळे ते पुसताही येईना.

नंबर खालून दुसरा आला. कागदावर शेवटच्या थांबण्यापुढे मात्र परीक्षकाने भरघोस गुण दिले होते. बाकीचं विचारू नये. वन्संने साहेबाचं खोगीर उतरवलं, अंग पुसलं, पाय धुतले, आणि बराच वेळ त्याच्या गालाला गाल लावून उभी राहिली. आम्ही गाडीत जाऊन बसलो आणि तिला हाक मारली नाही.

परतताना ती पुढे बसली होती, बूट काढून. मागे न बघता म्हणाली, "आई, जावयाचं तुला कुणी सांगितलं?"

"स्वयंपाकघराचं दार लोटलं की झालं का?" सासूबाई म्हणाल्या. "हिची कुजबुज फौजदाराला ऐकू जाते."

माझ्या नवऱ्याला ठसका लागला. आता तो उसासा येणार, थांबलो थांबलो सुरू होणार, म्हणून मी खिडकीबाहेर बघायला लागले.

"तिथे पाटी नाही ना?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही."

"लावतही नाहीत?"

"नाही, आई. ती जागा तशीच असते."

सासूबाईंनी शालीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "मधोमध एकटीच उभी होतीस," त्या म्हणाल्या. वन्संचा खांदा जरा ताठ झालेला मला मागून दिसला.

"छान दिसत होतीस," सासूबाई म्हणाल्या.